जुन्या ट्रायल्स बुलेटचं पुढचं चाक वळणात बाहेर पळतंय? आधी मागे बघा

चालण्याच्या वेगात, पहिल्या गिअरमध्ये, हँडल एका बाजूला पूर्ण वळवून गाडी फिरवायला गेलं की पुढचं चाक वळतच नाही. मुरुमात नांगरासारखं सरळ बाहेर सरकत जातं आणि पाय टेकावा लागतो. माझ्या गाडीला हा आजार दीड वर्षात तीनदा झाला. तिन्ही वेळा मी दुखणं पुढे शोधलं. एकदा टायर बदलला, एकदा फोर्कचं (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचं) तेल, एकदा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) नवा टाकला. तिन्ही वेळा खोट मागच्या शॉकअपमध्ये निघाली. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांचा निदान एक पावसाळा तरी वाचावा म्हणून मोजलेले आकडे सगळे खाली दिलेत.

गाडी म्हणजे १९७० च्या दशकातली साधी ३५० बुलेट. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. पत्र्याचे मडगार्ड काढून ॲल्युमिनियमचे लावलेत, सीटच्या जागी पाटाएवढी गादी आहे, सायलेन्सर वर उचललाय, फुटरेस्ट खाली आणि पाच सेंटीमीटर मागे नेलेत (हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे). मागे ४.०० × १८ चा ट्रायल्सचा टायर, पुढे मूळचं १९ चं चाक. सगळं उतरवून वजन १४० किलो. माझं ७८.

ज्यांना ट्रायल्स माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. यात वेग नसतो. दगड, ओढा, चढ यांतून आखलेल्या चिंचोळ्या वाटेने पाय न टेकता गाडी काढायची. एकदा पाय टेकला की १ गुण, दोनदा २, त्याहून कितीही वेळा टेकला तरी ३, आणि गाडी पडली किंवा वाटेबाहेर गेली की ५. ज्याचे गुण कमी तो जिंकतो. म्हणजे वळणात पुढचं चाक दरवेळी बाहेर पळालं तर तुम्ही हरलेलेच.

मागचं सस्पेन्शन आणि ट्रायल्स यांचं भांडण जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये या खेळातल्या बहुतेक गाड्यांचं मागचं चाक सरळ फ्रेमलाच बसवलेलं असायचं आणि पकड मिळते ती त्यामुळेच, असं जाणकार छातीठोक सांगायचे. १९४८ मध्ये रॉयल एनफिल्डने चिमटा (मागचं चाक धरून वर-खाली हलणारा दुहेरी दांडा) आणि दोन शॉकअप लावलेल्या ३५० बुलेट ट्रायलमध्ये उतरवल्या तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. त्याच वर्षी इटलीतल्या सान रेमोच्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जिंकलेल्या ब्रिटिश संघात याच बुलेट होत्या, आणि पुढे जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ ला स्कॉटिश सिक्स डेज ही ट्रायल्सची स्पर्धा मारली तीही बुलेटवर. आपल्याकडे या गाडीची ओळख लष्कराची आणि दूधवाल्याची. पण तिचा चिमटा जगासमोर आला तो या चिखलातूनच.

असो. आजाराकडे येतो.

पहिली फेरी: बसलेले शॉकअप

आम्ही तिघं-चौघं शिळफाट्याच्या पुढे ओळखीच्यांच्या खासगी जागेवर जातो. जुन्या खाणीची कड आहे, काळा पत्थर, मधे मधे लाल मुरूम. गाड्या टेम्पोत घालून मुंब्रा बायपासने न्यायच्या आणि तशाच आणायच्या. (फेरफार केलेली गाडी रस्त्यावर चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं. आणि कृपा करून येऊरला जाऊ नका. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे बिबट्या राहतो, तो तुमची ट्रायल बघायला बसलेला नाही.)

तिथे एका मोठ्या दगडाभोवती गोल फिरायचं आमचं एक वळण आहे. गाडी नवीन बांधून पहिल्यांदा नेली तेव्हा त्या दगडाला मी एकही फेरी नीट मारू शकलो नाही. हँडल वळवलेलं, चाक वळलेलं, आणि गाडी आपली सरळ.

तेव्हा गाडीवर तिचेच जुने शॉकअप होते. वरच्या डोळ्याच्या (बोल्ट जातो ते भोक) मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत ३२० मिमी. स्प्रिंगा थकलेल्या. मला वाटलं, जुने आहेत तर मऊ असतील, मऊ म्हणजे पकड चांगली. वर म्हटलं तसं पुढचा टायर बदलला. काही फरक नाही.

नंतर, फार नंतर, मोजलं तेव्हा कळलं. मी फुटरेस्टवर उभा राहिलो की मागचं टोक ४१ मिमी खाली बसायचं. चाकाची एकूण चाल (वर-खाली हलायची जागा) ७६ मिमी, म्हणजे अर्ध्याहून जास्त चाल मी नुसता उभा राहूनच खाऊन टाकत होतो. मागचं टोक बसलं की फोर्क मागे कलंडतो. कलंडला की दोन गोष्टी होतात. पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं, आणि ट्रेल वाढतो.

ट्रेल म्हणजे काय ते एकदा जमिनीवर बसून बघाच. हँडल ज्या रेषेभोवती फिरतं ती रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवायची, दोरी ताणून धरली तरी चालतं. ती जमिनीला जिथे टेकते तिथे खडूने खूण करायची. मग पुढच्या एक्सलच्या मध्यावरून ओळंबा सोडायचा. तो टेकतो तिथे दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. मॉलमधल्या ट्रॉलीची चाकं जशी दांड्याच्या मागे ओढली जातात तसं पुढचं चाक स्वतःला सरळ ठेवू बघतं ते या अंतरामुळे. हायवेवर ते हवंच. दगडाभोवती फिरताना तेच नडतं.

माझे आकडे, मी उभा असताना: फोर्कचा कल २८.५ अंश (फोनमधली लेव्हल फोर्कच्या पाइपला टेकवून), ट्रेल १०० मिमी, पुढच्या चाकाखाली घरचा वजनकाटा ठेवून ८९ किलो. मागच्या चाकाखाली काट्याच्याच उंचीची फळी ठेवायला विसरू नका, नाहीतर आकडा चुकतो. आणि बायकोला विचारल्याशिवाय काटा नेऊ नका. त्याच्यावर चिखल लागतो.

फुटरेस्ट मागे नेल्याने हे जास्त बिघडलं होतं. चढावर मागच्या चाकाला पकड मिळावी म्हणून ट्रायल्समध्ये फुटरेस्ट मागे नेतातच, त्यात चूक नाही. पण तसं केलं की अंगाचं वजन मागे जातं आणि मागची स्प्रिंग त्या हिशोबाने निवडावी लागते. मी फुटरेस्ट सरकवले आणि स्प्रिंग तीच ठेवली.

दुसरी फेरी: लांब शॉकअप, आणि साइड स्टँड

कुणीतरी सांगितलं, मागून उचल. ठाण्यात स्टेशनजवळच्या एका दुकानातून ३६० मिमीचे रोडचे शॉकअप आणले, कडक स्प्रिंगचे. बसवताना आमच्या मिस्त्रीने प्रीलोडची कॉलर (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी कडी) शेवटच्या खाचेत नेऊन ठेवली. म्हणाला, "फुल टाइट केलंय साहेब, आता बसणार नाही."

खरंच बसली नाही. नुसती गाडी: शून्य. मी उभा राहून: ५ मिमी.

चराईतल्या आमच्या सोसायटीत गाडी आणून साइड स्टँडवर लावली आणि वर चहा प्यायला गेलो. मागून चार सेंटीमीटर उंच झालेली गाडी जुन्या लांबीच्या स्टँडवर कशी उभी राहते याचा विचार डोक्यात आलाच नाही. कप खाली ठेवतोय तोवर आवाज आला. गाडी शेजारच्या काकांच्या स्कूटरवर आडवी. काका गॅलरीतून म्हणाले, "अहो, तुमची म्हैस बसली." स्कूटरचा आरसा आणि डावं पॅनेल मी भरून दिलं. तेव्हापासून लांबी बदलली की पहिलं काम साइड स्टँडचं.

रविवारी खाणीत गेलो तर काय, दगडाभोवती गाडी अक्षरशः नाचली. हँडल वळवायचं आणि बघत बसायचं. मला वाटलं, झालं काम. मग उताराला लागलो.

उतारावर हँडल आपणहून आत पडायला लागलं. थोडं वळवायला जावं तर ते पुढे आपलं आपण शेवटापर्यंत वळायचं आणि गाडी हँडलवरून पुढे झुकायची. त्यातच पायरीवरून खाली उतरताना मागचं चाक उसळायचं आणि धक्का पार खांद्यांपर्यंत यायचा. दोनदा पडलो. दुसऱ्यांदा क्लचचा लिव्हर गेला.

आता हिशोब बघा. माझ्या चिमट्यात पिव्होटपासून (चिमटा फ्रेमला जिथे फिरतो तिथून) एक्सल ४८० मिमीवर आणि शॉकअपचा खालचा डोळा ४४० वर आहे. म्हणजे शॉकअप १० मिमी लांब झाला की एक्सलपाशी जवळपास ११ मिमी फरक पडतो. ४० मिमी लांब शॉकअपने ४४ मिमी दिले. आणि आधी ४१ बसायची ती आता ५ च बसते, म्हणजे आणखी ३६. मी चाळीसच मिमी बदलले असं धरून चाललो होतो, प्रत्यक्षात चालवताना मागचं टोक ८० मिमी वर आलं होतं. दोन चाकांमधलं अंतर १३७० मिमी. ढोबळ मानाने मागे दर १० मिमी उंचीला फोर्क ०.४ अंश उभा होतो आणि १९ च्या चाकावर ट्रेल पावणेतीन मिमीने कमी होतो. त्या हिशोबाने कल २८.५ वरून २५.२ वर आणि ट्रेल १०० वरून ७८ वर आला. पुढच्या चाकावर ९७ किलो, म्हणजे ८ किलो जास्त. एकाच रविवारी मी वेगळीच गाडी चालवायला घेतली होती आणि मला पत्ता नव्हता.

इथे प्रीलोडबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण ठाण्यातला निम्मा गैरसमज इथेच आहे. कॉलर फिरवून स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंग ती तीच. मिलिमीटरला दोन किलो घेणारी स्प्रिंग कॉलर कुठेही नेली तरी पुढच्या मिलिमीटरला दोनच किलो घेते. कॉलरने बदलते ती उंची. कडक स्प्रिंगवर पूर्ण प्रीलोड दिला की मागचं चाक खड्ड्यात खाली जायला जागाच उरत नाही, कारण ते आधीच शेवटापर्यंत खाली आहे. दगडावरून उतरलं की चाक जमीन सोडतं. पकड संपली.

तिसरी फेरी: तोच आजार परत

वागळे इस्टेटला रोड नंबर १६ च्या बाजूला एक लेथवाले मामा आहेत. सगळं आयुष्य टर्निंगमध्ये गेलेलं, मोटरसायकल चालवत नाहीत. त्यांना मी सांगितलं, "मामा, चिमट्यावर खालचा माउंट चार सेंटीमीटर पुढे घ्या, म्हणजे मऊ होईल." त्यांनी विचारलं, "किती मऊ?" मी म्हटलं, थोडं. ते म्हणाले, "थोडं म्हणजे माप नाही."

बरोबर होतं त्यांचं. मी तरी करून घेतलं. डोळा ४४० वरून ४०० वर. चाकाला जाणवणारा कडकपणा या प्रमाणाच्या वर्गाने बदलतो. ४०० भागिले ४४०, त्याचा वर्ग, ०.८३. म्हणजे स्प्रिंग तीच ठेवून मागचं टोक १७ टक्के मऊ झालं. शॉकअपमधल्या तेलाचा अडथळाही त्याच प्रमाणात कमी. मग उसळी थांबावी म्हणून मी प्रीलोड सगळा सोडला आणि जुन्या थकलेल्या स्प्रिंगा या शॉकअपवर चढवल्या. तिन्ही बदल एकाच शनिवारी.

खाणीत गेलो. दगडाभोवती पुढचं चाक बाहेर. परत तेच. मला रडूच आलं. मी घरी येऊन कोनसेट बदलला. कोनसेट चांगला होता.

त्यानंतर मामांकडे एक पूर्ण दिवस बसलो. त्यांनी एक गंमत केली. ड्रिल मशीनच्या टेबलावर माझाच वजनकाटा ठेवला, त्यावर स्प्रिंग उभी केली, वरून चकमध्ये एक जाड सळई धरून हँडलने स्प्रिंग बरोबर २० मिमी दाबली आणि काटा वाचला. एकेका स्प्रिंगला दोन मिनिटं. थकलेली जोडी ३२ आणि ३३ किलो, म्हणजे मिलिमीटरला १.६ च्या आसपास. दुकानातल्या नवीन जोडीतली एक ५६, दुसरी ४९. जोडी म्हणून विकलेल्या. मामा नुसते हसले आणि खडूने दोन्हींवर आकडे लिहिले.

स्प्रिंग काढताना कॉम्प्रेसर वापरा. हाताने किंवा दोन मोठ्या पान्यांनी करायला जाऊ नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा जातो. आणि गॅस भरलेले शॉकअप घरी उघडू नका, भोक तर अजिबात पाडू नका, आत दाब असतो. ज्यांना खाली आट्यांचं झाकण आहे असे जुन्या पद्धतीचे तेलाचे शॉकअप तेवढे उघडता येतात.

शेवटी काय बसवलं

माउंट परत ४४० वर. शॉकअप ३४० मिमीचे, तेलाचे. स्प्रिंग मिलिमीटरला २ किलो, दोन्ही सारख्या, ड्रिलवर मोजून घेतलेल्या. प्रीलोड चार मिमी. नुसती गाडी १३ मिमी बसते, मी उभा राहून २७. चाल आता ८७ मिमी, म्हणजे एक तृतीयांशाच्या जरा आत. कल २७ अंश, ट्रेल ९०, पुढे ९३ किलो. दगडाभोवती फिरते आणि उतारावर हँडल हातात राहतं. जुन्या आणि लांब शॉकअपच्या बरोबर मधोमध येऊन थांबलोय हे कागदावर आकडे मांडले असते तर पहिल्याच महिन्यात दिसलं असतं.

तुमचे आकडे वेगळे येतील. मोजायची पद्धत मात्र हीच ठेवा. आधी गाडी मधोमध धरून मागचं चाक उचला, एक्सलपासून सरळ वर मडगार्डच्या बोल्टपर्यंत मोजा. मग चाक टेकवून, मग फुटरेस्टवर उभं राहून. बसून मोजू नका. आपण ट्रायल्समध्ये बसतोच कुठे? तिसऱ्या मापाला दोन माणसं लागतात, एक तुम्हाला तोल द्यायला आणि एक टेप धरायला. टेप धरणारा तुमच्यावर चिडलेला नसावा.

लांब शॉकअप घेताना दुकानदार फक्त डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी सांगतो. पूर्ण दबल्यावर किती उरते ते विचारा. स्प्रिंग काढून नुसता शॉकअप लावा आणि चाक हाताने शेवटपर्यंत वर उचलून बघा, टायर मडगार्डला किंवा चेनगार्डला लागतो का. त्याच वेळी चेन बघा. गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्होट आणि एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते. ढिलाई तिथे ठेवायची. मी ती गाडी हवेत असताना ठेवली होती, तर माझ्या वजनाखाली चेन वीणेच्या तारेसारखी व्हायची आणि मागचं सस्पेन्शन हलायचंच नाही. मागच्या ब्रेकचा रॉडही परत लावून घ्या, चिमट्याचा कोन बदलला की त्याचाही ताण बदलतो.

काहीजण म्हणतील, मागे कशाला हात लावता, फोर्क टी मध्ये (फोर्कचे पाइप धरणाऱ्या पकडीत) वर सरकवा, तोच परिणाम. बाकीच्या गाड्यांना चालेल. जुन्या बुलेटच्या फोर्कचे पाइप वर हेडलाइटच्या घरात आट्यांनी बसतात, सरकायला वावच नाही.

लक्षणावरून ओळखायचं कसं

टायरमधली हवा सगळ्यात आधी. हे लिहायला लाज वाटते, पण आमच्यातला एकजण दोन महिने सस्पेन्शन शोधत होता आणि त्याच्या पुढच्या टायरमध्ये १८ पीएसआय होती. ट्रायल्सच्या टायरला मागे ५ च्या आसपास आणि पुढे त्याहून जरा जास्त इतकीच लागते. ट्यूब असेल तर रिम लॉक (टायर रिंगला आवळून धरणारा खिळा) हवंच, नाहीतर टायर रिंगवर फिरतो आणि व्हॉल्व्ह उपटतो. पंपाचा मीटर इतक्या कमी दाबाला धड दाखवत नाही, छोटा वेगळा घ्या.

मग चिमटा. शॉकअप दोन्ही काढा, चिमट्याचं टोक धरून आडवं हलवा. टक असा जरी आवाज आला तरी बुश (पिव्होटमधल्या नळ्या) गेलेत. बुश गेलेल्या गाडीवर सस्पेन्शन लावत बसणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी मोजणं.

हे दोन्ही ठीक असेल तर लक्षण नीट ऐका. पुढचं चाक सगळीकडेच बाहेर पळतं, चढावर हलकं पण होतं: मागचं टोक खाली आहे. उतारावर हँडल आत पडतं आणि सपाटीवर मस्त फिरतं: मागचं टोक वर आहे. सुरुवातीला बरं वाटतं आणि सलग दोन-तीन पायऱ्या चढल्यावरच पुढचं उडायला लागतं: इथे लांबी आणि स्प्रिंगचा दोष नसतो, परतीचा अडथळा (दबलेला शॉकअप परत वर येताना तेल अडवतं तो) जास्त आहे. पहिल्या पायरीला मागचं दबतं, पूर्ण वर यायच्या आत दुसरी पायरी येते, आणखी दबतं, तिसऱ्याला गाडी मागे बसलेलीच असते. पातळ तेल घाला. उलट, एकाच दगडावर मागचं चाक चेंडूसारखं उडतं: तेल संपलंय किंवा फार पातळ आहे.

आणि डावीकडे बरं फिरतं, उजवीकडे नाही, असं असेल तर? हे मला तिसऱ्यांदा झालं. हो, एवढं सगळं करून ऑगस्टमध्ये पुन्हा. तक्रार तीच, फक्त एका बाजूला. चाकं एका रेषेत आहेत का ते दोरी लावून बघितलं, होती. बुश नवीन. ट्रेल ९०. सगळे आकडे जिथल्या तिथे. शॉकअपच्या दांड्यावर मी एकेक ओ-रिंग सरकवून ठेवलेली असते, चाल किती वापरली ते दाखवायला. दोन्ही एकाच उंचीवर थांबलेल्या. थांबणारच, चिमटा एक आहे.

मग शॉकअप काढून एकेक हाताने दाबला. डावा सोडल्यावर जड श्वास टाकत वर आला. उजवा टण्णकन उडाला. आतलं तेल सीलवाटे गेलेलं, आणि पावसामुळे बाहेर ओघळ दिसला नाही, चिखलानेच धुऊन नेला. एक शॉकअप अडवतोय, दुसरा नाही, तर चिमटा प्रत्येक धक्क्याला पिळतो आणि मागचं चाक एका बाजूला ढकललं जातं. जोडलेल्या दोन शॉकअपमधला एक मेला तर गाडीवर बसवलेल्या अवस्थेत तो कधीच कळत नाही, सीट दाबून बघणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. दोन्ही काढूनच बघायचे.

मामांनी सील टाकून दिला, दोन्हींत सारखं तेल मोजून भरलं. चहाच्या ग्लासाने नाही, औषधाच्या सिरिंजने. बिल दीडशे रुपये झालं. वर म्हणाले, "तुमच्या वजनकाट्याचं काय झालं?" तो अजून त्यांच्याच टेबलावर आहे. घरी मी सांगितलंय की दुरुस्तीला दिलाय.